रक्ताची उंची मोजणारा पाद्री

दंडाला पट्टा बांधला, हवा भरली की मिनिटभरात रक्तदाबाचा आकडा मिळतो. हा दाब पहिल्यांदा मोजला तो डॉक्टरने नव्हे, एका पाद्र्याने. आणि माणसाचा नव्हे, घोडीचा. त्या पाद्र्याचे नाव स्टीफन हेल्स.

हेल्स यांचा जन्म १६७७ मध्ये इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. शिक्षण केंब्रिजला झाले. धर्मशास्त्राबरोबरच वनस्पती गोळा करण्याचा आणि प्राण्यांचे विच्छेदन करण्याचा नाद त्यांना तिथेच लागला. १७०९ मध्ये लंडनजवळच्या टेडिंग्टन गावी चर्चमध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढची पन्नासहून अधिक वर्षे ते त्याच गावाचे पाद्री होते.

रक्त शरीरात गोल फिरते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये दाखवले होते. रोहिणीतले रक्त नीलेत कुठून जाते, हे मात्र त्यांना दिसले नव्हते. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी यांना बेडकाच्या फुप्फुसात केसाहूनही बारीक केशवाहिन्या दिसल्या. वाट सापडली, पण त्या वाटेवर रक्ताचा जोर किती असतो, हे कोणी मोजले नव्हते.

हेल्स यांनी सुमारे चौदा वर्षांची, खांद्यावर नासूर झालेली एक घोडी उताणी बांधली. तिच्या मांडीच्या रोहिणीत पितळी नळी घालून तिला नऊ फूट लांबीची काचेची नळी जोडली. रोहिणीवरची गाठ सोडताच रक्त नळीत चढत गेले आणि हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंचांपर्यंत पोचले. प्रत्येक ठोक्यासरशी ते खालीवर होत होते. घोड्याच्या मानेतल्या नीलेला नळी जोडली, तेव्हा मात्र शांत असताना रक्त जेमतेम फूटभर चढले.

मग मधला जोर गेला कुठे? यासाठी त्यांनी मेलेल्या कुत्र्याचे आतडे लांबीने चिरले आणि महारोहिणीतून कोमट पाणी सोडले. आतड्यातल्या सूक्ष्म वाहिन्यांतून पाणी झिरपायला वेळ लागे. आतड्याजवळच रोहिण्या कापल्या, की तेच पाणी भराभर वाहून जाई. म्हणजे अडथळा या बारीक वाहिन्यांत होता. ब्रँडी सोडली की प्रवाह मंदावे. या वाहिन्या आकसतात, असे अनुमान त्यांनी काढले. आज वैद्यकशास्त्र हेच सांगते. केशवाहिन्यांच्या अलीकडच्या सूक्ष्म रोहिण्या आकसल्या की अडथळा वाढतो आणि रक्तदाबही वाढतो. रक्तदाबाची अनेक औषधे याच वाहिन्या सैल करतात.

हे ज्ञान स्वस्तात मिळाले नाही. तेव्हा भूल नव्हती. जनावरे जिवंतपणी कापली जात. शेजारच्या ट्विकनमला राहणारे कवी अलेक्झांडर पोप हेल्स यांना मान देत, पण हे प्रयोग त्यांना पटत नसत. खुद्द हेल्स यांनाही हे काम नकोसे झाले. ते अनेक वर्षे झाडांकडे वळले आणि मुळांतून पाणी किती जोराने वर चढते, हे मोजू लागले. ते पुस्तक १७२७ मध्ये आले. रक्तावरचे १७३३ मध्ये.

उत्तरायुष्यात त्यांनी माणसांचा जीव वाचवण्यावर भर दिला. जहाजे, तुरुंग आणि रुग्णालयांतली कोंदट हवा बाहेर काढणारे भाते बनवले, दारूच्या व्यसनाविरुद्ध लिहिले. जानेवारी १७६१ मध्ये त्यांचे निधन झाले. टेडिंग्टनच्या त्याच चर्चमध्ये त्यांना पुरले आहे.

रोहिणी न कापता दाब मोजणारा दंडाचा पट्टा त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १८९६ मध्ये, इटलीतील रिवा-रोच्ची यांनी तयार केला. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. मोजल्याखेरीज तो कळत नाही. ज्या आकड्यासाठी एका घोडीचा जीव गेला, तो आज दंड पुढे करताच मिळतो. वर्षातून एकदा तरी तो करावा.