नवव्या महिन्यात गेलेले डोळे

सेमाडोहला तपासणीसाठी गेलो की लहान बाळांच्या डोळ्यांत काजळ हमखास दिसतं. मागच्या खेपेला सात महिन्यांच्या एका मुलीचा उजवा डोळा चिपडाने चिकटलेला होता. आशाताईंनी आजीला कोरकूत विचारलं, तेव्हा कळलं की तीन दिवसांपासून त्यात कसल्याशा पाल्याचा रस पिळणं चालू आहे. डोळा धुऊन उघडला. बुबुळ अजून स्वच्छ होतं. अशा वेळी मला माधानचे गुलाबराव महाराज आठवतात.

मेळघाट उतरून खाली आलं की चांदूर बाजार तालुक्यात माधान लागतं. प्रज्ञाचक्षू म्हणून सारं वऱ्हाड ज्यांना ओळखतं त्या गुलाबरावांचं हे गाव. वडील गोंदुजी मोहोड, आई अलोकाबाई. जन्म ६ जुलै १८८१ चा, लोणी टाकळीचा. बाळ आठ-नऊ महिन्यांचं असताना डोळ्यांचा आजार झाला, भलतंच औषध घातलं गेलं आणि दृष्टी कायमची गेली, असं त्यांची चरित्रं सांगतात. पुढचं वाचण्याच्या घाईत आपण हे एक वाक्य ओलांडून जातो. मी डॉक्टर असल्यामुळे मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा घड्याळाच्या काचेसारखा असतो, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो स्वच्छ दिसतो. पण त्याच कारणाने त्याला जखम झाली तर ती भरायला वेळ लागतो आणि भरली तरी पांढरा डाग राहतो. आपल्याकडे त्याला फूल पडलं म्हणतात. त्या काळात तान्ह्या बाळाच्या डोळ्यांवर घाला घालणारे आजार बरेच होते: देवी, गोवर, जंतुसंसर्ग, अ जीवनसत्त्वाचा अभाव. त्यात घरगुती औषधाची भर पडली की दोन-चार दिवसांत डोळा हातचा जाई. औषध घालणाऱ्याच्या मायेत खोट नसे. आजही नसते.

गंमत म्हणा की दैव, त्याच सुमारास जर्मनीत लाइपझिगला क्रेडे नावाचे प्रसूतितज्ज्ञ नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालू लागले होते. त्यांच्या रुग्णालयात शंभरातल्या दहाएक बाळांचे डोळे येत. ते प्रमाण एकाच्याही खाली आलं. १९०५ मध्ये झिर्म यांनी बुबुळाच्या पडद्याचं पहिलं यशस्वी रोपण केलं, तेव्हा गुलाबराव चोवीस वर्षांचे होते. १९१३ मध्ये अ जीवनसत्त्वाचा शोध लागला. मात्र एवढ्या उशिरा रोपण होऊनही त्यांना फारसा उपयोग झाला नसता. पाहायला मेंदूही शिकतो, आणि हे शिक्षण वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंतच होतं. तान्हेपणी डोळ्यांसमोर पडदा आला, तर पुढे काच बदलूनही नीट दिसत नाही. म्हणून बाळाच्या डोळ्याच्या बाबतीत मी एक दिवसही थांबू देत नाही.

गुलाबराव चार वर्षांचे असताना आई गेली. पुढची काही वर्षं ते लोणी टाकळीला आजीजवळ वाढले. मुंबईत अंधांची शाळा निघाली ती १९०० साली. माधानच्या पोराला ब्रेल कोण शिकवणार? शिक्षण झालं ते कानांनी. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, एकदा ऐकलं की धरून ठेवायचं. मिटलेला ग्रंथ नुसता हाती घेऊन ते आतलं सांगत, असं भाविक मानतात. मला त्या वाचून दाखवणाऱ्यांचं आणि लिहून घेणाऱ्यांचं जास्त कौतुक वाटतं. मराठी, हिंदी आणि संस्कृत मिळून सव्वाशेच्या वर ग्रंथ त्यातून उभे राहिले. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांचा त्यांनी समाचार घेतला, मानसायुर्वेदावर लिहिलं, नावंग नावाची स्वतःची एक भाषाही रचली. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. मधुराद्वैत हा त्यांचा विचार. १८९६ मध्ये मनकर्णिका यांच्याशी विवाह झाला होता. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात देह ठेवला, तेव्हा वय होतं अवघं चौतीस.

आज साधनं हाताशी आहेत, तरी चुका त्याच होतात. काजळ, मध, अंगावरचं दूध, पाल्याचा रस यांतलं काहीही बाळाच्या डोळ्यात घालू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून चिपडं पुसा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळ उजेडाकडे बघत नसेल, डोळा उघडत नसेल किंवा बुबुळावर पांढरं दिसत असेल तर आणखी घाई करा. मेडिकलमधून मनानेच आणलेले थेंब हा नवा पाल्याचा रस आहे. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली दोन दिवसांत उतरते, बरं वाटतं आणि आतली जखम वाढत राहते. गोवर झालेल्या बाळाला अ जीवनसत्त्वाचा वेगळा डोस लागतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

त्या मुलीला प्रतिजैविकाचे थेंब दिले आणि आईकडून माझ्यासमोर एकदा घालून घेतले. चौथ्या दिवशी डोळा मोकळा झाल्याचं आशाताईंनी फोनवर कळवलं. आजी अजून रुसलेली आहे म्हणे. आणखी दोन महिन्यांनी मुलीला नववा महिना पूर्ण होईल. गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस, एक लाख युनिट, तेव्हा द्यायचा आहे. त्यानंतर दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांची होईपर्यंत. कार्डावर तारीख लिहून दिली आहे, आणि त्या दिवशी आजीलाही सोबत आणायला सांगितलं आहे.