अंधाऱ्या खोलींतील राजपुत्र

बारामती तालुक्यांतील सुपें हें गांव आमच्या सोमेश्वरनगराकडील वाचकांच्या परिचयाचें आहे. सुपें, इंदापूर हा मुलूख एके काळीं शहाजी राजे भोसले ह्यांच्या जहागिरींत होता. शहाजी राजांचे एक पुत्र शिवाजी महाराज, व दुसरे व्यंकोजी राजे. व्यंकोजींनीं दूर दक्षिणेस तंजावर येथें मराठी राज्य स्थापिलें. त्यांच्याच घराण्यांतील सरफोजी राजे ह्यांचें चरित्र आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण मराठी मुलांसाठीं छापील पुस्तक प्रथम काढणाऱ्यांत त्यांची गणना होते.

सरफोजींचा जन्म १७७७ सालीं झाला. तंजावरचे राजे तुळजाजी ह्यांनीं १७८७ सालीं त्यांस दत्तक घेतलें, आणि अंतकाळीं त्यांस आपले मित्र, मिशनरी श्वार्ट्झ साहेब, ह्यांच्या हवालीं करूं पाहिलें. साहेबांनीं तो भार एकट्यानें न घेतां राजांचे बंधु अमरसिंग ह्यांस पालक नेमण्याचा सल्ला दिला. हेतु चांगला होता, पण फळ कडू निघालें. अमरसिंग स्वतःच गादीवर बसले, व मुलगा कोंडला गेला. दिवसाही दिव्याच्या उजेडांत बसावयाचें; शिकविण्यास कोणी नाहीं. राजपुत्र असून अक्षरशत्रु होण्याची वेळ त्याजवर आली.

श्वार्ट्झ साहेबांनीं आपल्या सल्ल्याची जबाबदारी टाळली नाहीं. ते स्वतः मुलास जाऊन भेटले, मद्रास सरकारकडे त्याची दाद लाविली, आणि त्याच्यासाठीं शिक्षक नेमविला. पुढें १७९३ सालीं त्यास मद्रासेस नेण्यांत आलें. तेथें गेरिके नामक मिशनऱ्यांनीं त्याचें शिक्षण चालविलें. १७९८ च्या फेब्रुवारींत श्वार्ट्झ साहेब वारले, व त्याच वर्षीं सरफोजी गादीवर बसले. ज्या मुलास अक्षर मिळूं दिलें नव्हतें, त्यानेंच आपल्या गुरूच्या थडग्यासाठीं इंग्रजींत कविता रचिली, आणि विलायतेचे शिल्पकार फ्लॅक्समन ह्यांजकडून त्यांचें संगमरवरी स्मारक करवून घेतलें.

१७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. हातीं सत्ता उरली नाहीं, तरी राजे खचले नाहींत. त्यांनीं आपलें चित्त विद्येकडे लाविलें. ओरथनाड येथील मुक्तांबाळ छत्रांत वाटसरूंस अन्न मिळे, तसें मुलांस शिक्षणही मिळे. १८०५ च्या सुमारास त्यांनीं तंजावरास देवनागरी अक्षरांचा छापखाना घातला. त्यांतून १८०६ सालीं मुलांसाठीं इसापाच्या गोष्टींचें मराठी पुस्तक निघालें; त्याचें नांव ‘बालबोधमुक्तावली’. मुंबईंत शाळांसाठीं मराठी पुस्तकें तयार करणारी मंडळी स्थापन झाली ती १८२२ सालीं, म्हणजे ह्यानंतर सोळा वर्षांनीं. पृथ्वीवरील देशांची माहिती गाण्यांतून देणारें ‘देवेंद्र कुरवंजी’ हें मराठी नाटकही राजांचेंच. त्यांनीं वाढविलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह आजही तंजावरास उभा आहे. राजे आपल्या हिंदु धर्मांतच राहिले, परंतु गुरूचें ऋण कधीं विसरले नाहींत. १८३२ सालीं त्यांचें देहावसान झालें.

वाचकहो, ह्या चरित्रापासून आम्हीं काय घ्यावें? सरफोजींस छापखाना घालण्यापासून खटपट करावी लागली. आज तालुक्याच्या गांवीं थोड्या पैशांत बेरजेच्या, पाढ्यांच्या आणि अक्षरांचे उच्चार शिकविणाऱ्या सरावपत्रिका हव्या तितक्या छापून मिळतात. आमचे शिक्षक व उपदेशक बंधु त्या आणून मुलांस वांटतात, हें योग्यच आहे. परंतु वांटून झालें म्हणजे शिकवून झालें असें नव्हे. ‘क’ खालीं कमळाचें चित्र आहे. पण मूल तो उच्चार कसा करितें हें कागदास ऐकूं येत नाहीं. हातचा कोठें राहिला हें उत्तराच्या चौकटीवरून कळत नाहीं. जवळ बसून मुलास गणित मोठ्यानें करावयास लाविलें म्हणजे कळतें.

सरफोजींस आधीं माणूस भेटला, मग पुस्तक मिळालें, आणि म्हणूनच पुढें त्यांनीं इतरांस पुस्तक दिलें. ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांबरोबर फिरणारें, शाळेच्या पटावर असून शाळेंत नसणारें एखादें मूल आमच्याही गांवांत असेल. कागद त्याच्या हातीं जरूर द्यावा. पण त्याआधीं त्याच्या खोपीशीं जाऊन, तुला कोण शिकवितें, एवढें त्यास विचारावें.