क्रे साहेब आणि आमच्या रूमवरचा कॉम्प्युटर

या उन्हाळ्यात आमच्या रूमवरचा कॉम्प्युटर रोज रात्री न चुकता बंद पडायचा. गेम रंगात आला की स्क्रीन निळी, मग काळी, मग पंख्याची घरघर आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आधी आधी मजा वाटायची. आज किती मिनिटं टिकणार यावर रूममध्ये चहाच्या पैजा लागायच्या. पण मार्चमध्ये प्रोजेक्टचं सिम्युलेशनही तिसऱ्या-चौथ्या तासाला असंच मरायला लागलं आणि माझ्या पोटात गोळा आला. (पंपाच्या इंपेलरमधून पाणी कसं वाहतं, हा आमचा विषय.) कारण कॉम्प्युटर घेताना मी घरी प्रोजेक्टचंच नाव सांगितलं होतं. आमची अर्धापूरकडे केळी आहे. बाबांनी केळीच्या पैशातून 70 हजार काढून हातावर ठेवले. एवढं महागाचं ग्राफिक्स कार्ड कशाला लागतं हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

लॅबमधल्या सरांकडे रडगाणं गायलो, तर ते म्हणाले की हा रोग तुझ्या मशीनइतका नवा नाही, सेमूर क्रे वाच. सुपरकॉम्प्युटरचा जनक म्हणून क्रेचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, मीही पाठ केलं होतं. पण या माणसाचं अर्धं आयुष्य बंद पडणाऱ्या मशीनशी झटापट करण्यात गेलं हे मला माहीत नव्हतं.

क्रेचा जन्म 28 सप्टेंबर 1925 चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिपेवा फॉल्स नावाच्या लहानशा गावातला. वडील सिव्हिल इंजिनिअर. पोरगं दहा वर्षांचं असताना त्यानं खेळण्यातल्या लोखंडी पट्ट्या जोडून एक यंत्र केलं. भोकं पाडलेली कागदाची पट्टी त्यात सरकवली की मोर्सचे ठोके निघायचे. दुसऱ्या महायुद्धात तो रेडिओवर होता, नंतर फिलिपिन्समध्ये जपानी संदेश फोडण्याच्या कामावर. परत आल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मग गणितातली पदव्युत्तर पदवी. 1957 मध्ये कंट्रोल डेटा ही कंपनी निघाली, तिथे तो लवकरच दाखल झाला.

थोड्याच वर्षांत साहेब मीटिंगांना कंटाळले आणि सरळ गावाकडे निघाले. कंपनीलाच त्यांच्यामागे चिपेवा फॉल्सला लॅब बांधून द्यावी लागली. (पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) तिथून 1964 मध्ये सीडीसी 6600 बाहेर पडला, त्या वेळचा जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर. टीममध्ये माणसं 34, त्यात झाडलोट करणाराही मोजलेला! आयबीएमच्या प्रमुखांनी आपल्या लोकांना खरमरीत पत्र लिहून विचारलं की एवढ्या मोठ्या कंपनीला हे का जमलं नाही.

इथून उष्णतेची गोष्ट सुरू होते. वेग वाढवायचा तर विजेला कमी अंतर जायला हवं, म्हणून भाग जवळजवळ बसवायचे. जवळ बसवले की तापतात. तापले की चुकतात. 6600 मध्ये म्हणूनच फ्रिजसारखं फ्रिऑन फिरवलेलं होतं. पुढचा 7600 आणखी दाटीवाटीचा झाला आणि आणखी वेगवान, पण तो दिवसातून एकदा तरी बंद पडायचाच, कधी कधी चार-पाच वेळा. हे वाचून मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! अणुबॉम्बचं गणित करणाऱ्या लॅबमधल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही आमच्यासारखीच चिडचिड होत असणार.

मीही लगेच उष्णतेच्या मागे लागलो. एप्रिलात नांदेडचा पारा 42 च्या पुढे, आमची रूम वरच्या मजल्यावरची, छत रात्री बारालाही हाताला चटका देणारं. कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर धुळीचं अक्षरशः ब्लँकेट. ते काढलं, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली. तापमान 94 वरून 78 वर आलं. रूममध्ये जल्लोष झाला. तिसऱ्या रात्री पुन्हा निळी स्क्रीन.

क्रेचंही तसंच झालं होतं. 8600 नावाच्या पुढच्या मशीनमध्ये त्यानं चार प्रोसेसर कोंबले. पण हातानं केलेल्या सोल्डरिंगचे जोड इतके, की त्यातला एखादा सुटला तरी सगळं ठप्प. चार वर्षांच्या आसपास राबल्यावर त्यानं ठरवलं की ही वाटच चुकली, सगळं टाकून नव्यानं करावं लागेल. कंपनीकडे त्यासाठी पैसा नव्हता. 1972 मध्ये त्यानं नोकरी सोडली आणि क्रे रिसर्च काढली. भांडण न करता, जुन्या मालकाकडूनच भांडवलाला मदत घेऊन. स्वतःचं चार वर्षांचं काम चुकलं असं स्वतःच कबूल करायचं, हे मला त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा अवघड वाटतं. मला तर चार रात्रींचं कबूल होत नव्हतं.

नव्या मशीनचा, म्हणजे क्रे-1 चा आकार इंग्रजी सी सारखा, आतल्या वायरी जेमतेम चार फुटांच्या आत राहाव्यात म्हणून. बाहेरून गोल बसायला गादी, गादीखाली पॉवर सप्लाय. लोक त्याला जगातला सगळ्यात महागडा सोफा म्हणायचे. वजन साडेपाच टन, वीज 115 किलोवॅट. ही उष्णता काढायला दोन बोर्डांच्या मध्ये तांब्याचा पत्रा, पत्र्याच्या कडेला अॅल्युमिनियमचे खांब आणि त्यांच्या आतल्या स्टीलच्या नळ्यांतून फ्रिऑन. कागदावर झकास. पण नळ्यांचे जोड गळायला लागले. फ्रिऑनमध्ये कॉम्प्रेसरसाठी मिसळलेलं तेल झिरपून बोर्डांवर बसायचं आणि शॉर्ट व्हायचं. मेकॅनिकलवाल्यांनो, कॉलर ताठ करा, जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर सहा महिने अडला तो वेल्डिंगपायी!

पण मला खरा धागा सापडला तो पुढे. 1976 मध्ये पहिला क्रे-1 लॉस अलामॉसच्या लॅबमध्ये चाचणीसाठी गेला. आता गळती नव्हती, तापमान ठीक होतं. तरी सहा महिन्यांत मेमरीच्या 152 चुका नोंदल्या गेल्या. कुठल्या तरी एका शब्दातला एखादा बिट आपोआप 0 चा 1 व्हायचा. ही जागा समुद्रसपाटीपासून 2,200 मीटर उंच. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे निर्माण होणारे न्यूट्रॉन चिपवर आदळून हे घडत होतं. त्या पहिल्या मशीनला चूक झाल्याचं कळायचं, ती दुरुस्त करता यायची नाही. मग पुढच्या मशीनमध्ये दर 64 बिटांना 8 तपासणीचे बिट जोडले. एक बिट चुकला तर मशीन स्वतःच सुधारून पुढे जाणार. असं मशीन 1977 मध्ये हवामान संशोधन करणाऱ्या एनसीएआरनं 88 लाख 60 हजार डॉलरला घेतलं.

या तपासणीला पॅरिटी म्हणतात, आणि त्यावरून क्रेची एक आख्यायिका आहे. अमेरिकेत शेतमालाच्या भावालाही पॅरिटी म्हणत, आपल्याकडच्या हमीभावासारखं काहीतरी. 6600 मध्ये पॅरिटी का नाही असं कुणी विचारलं, तेव्हा साहेबांनी ती शेतकऱ्यांसाठी असते म्हणून उडवून लावलं. नंतरच्या मशीनमध्ये घालावीच लागली, तेव्हा म्हणे कबूल केलं की बरेच शेतकरी कॉम्प्युटर घेतात असं दिसतंय. केळीवाल्याच्या पोरानं हे वाचून काय समजायचं ते समजलं.

त्याच रात्री रॅम तपासायचा मेमटेस्ट लावला. आठ तास चालतो, वीज जायला नको. रात्री दोनला वीज गेलीच, यूपीएसनं 11 मिनिटं तग धरला, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या रात्री तिसऱ्या फेरीत स्क्रीनवर लाल ओळी आल्या. दोन पट्ट्यांपैकी एक काढली, उरलेली एकटी तपासली. स्वच्छ. माझ्या पट्टीचं न्यूट्रॉनशी काही देणंघेणं नव्हतं, ती नुसती खराब होती.

क्रेचं पुढचं थोडक्यात सांगतो. 1985 च्या क्रे-2 मध्ये त्यानं सगळे बोर्ड वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवूनच टाकले, समोर काचेतून बुडबुडे दिसायचे. भारताला 80 च्या दशकात क्रे कंपनीचं एक्स-एमपी मशीन दिल्लीला मिळालं, फक्त हवामानासाठी. त्याहून मोठं नाकारलं गेलं, म्हणून 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि अकोल्याकडच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 आला. तिकडे क्रेचं शेवटचं मोठं स्वप्न, गॅलियम आर्सेनाइडच्या चिपांचा क्रे-3, विकला गेलाच नाही. 1995 मध्ये कंपनी बुडाली. सत्तरी गाठलेल्या माणसानं पुढच्या वर्षी आणखी एक काढली! पण सप्टेंबर 1996 मध्ये कोलोरॅडोत मोटार अपघात झाला आणि 5 ऑक्टोबरला तो गेला. क्रे-1 सेकंदाला 16 कोटी गणितं करायचा. आमच्या रूमवरचं ग्राफिक्स कार्ड त्याच्या हजारो पट करतं, तेही गोळीबाराचे गेम खेळण्यासाठी. असो.

एका पट्टीवर सिम्युलेशन सलग 11 तास चाललं आणि पूर्ण झालं. सकाळी बाबांना फोन केला. प्रोजेक्टचं सांगितलं, मग एका दमात गेमचंही सांगून टाकलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं की तो खराब भाग दुकानदार बदलून देणार का. देईल म्हणालो, पण बिल लागेल. बिल देव्हाऱ्याच्या मागच्या पिशवीत आहे, रविवारी येऊन घेऊन जा म्हणाले. आणि त्यावर गेमिंग पीसी असं छापलेलं आहे, ते त्यांनी घेतलं त्याच दिवशी वाचलं होतं.