ज्यूल व्हर्न आणि त्यांचा हिंदी नायक

आमचें मारेगाव कापसाच्या मुलखांतलें. सागर येथून फार दूर. तरीहि ज्यांच्या लेखणीनें येथल्या मुलांस सागराच्या तळाशीं नेलें, त्या ज्यूल व्हर्न यांचें चरित्र आम्ही यंदा बालवाचकांपुढें ठेवीत आहों.

व्हर्न यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजीं फ्रान्समधील नांत या बंदरांत झाला. वडील वकील होते. मुलानेंहि कायद्याचा अभ्यास पुरा केला. पण त्याचें मन वाङ्मयांत रमलें. १८६३ सालीं हेत्झेल या प्रकाशकांनीं त्यांची बलूनप्रवासाची कादंबरी छापली आणि त्यांचें नांव झालें.

१८६९-७० मध्यें 'नॉटिलस' पाणबुडीचा नायक कॅप्टन नेमो अवतरला. व्हर्न यांच्या मनांत तो पोलंडचा सरदार होता. परंतु रशिया दुखावेल म्हणून हेत्झेल यांनीं हरकत घेतली, व नेमोचा देश अज्ञातच राहिला. पुढें १८७४-७५ च्या कादंबरींत तो बुंदेलखंडचा राजपुत्र ठरला. १८५७ च्या लढ्यांत लढलेला, सर्वस्व गमावलेला.

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें सनावळी मांडली. पहिली कथा १८६७-६८ सालची. दुसरींत १८६८ मध्येंच नेमो वृद्धपणीं मरतो, आणि पहिली हकीकत सोळा वर्षांपूर्वींची म्हणून सांगितली जाते! मग लेखक खोटा नव्हे काय, असें त्यानें विचारलें. प्रश्न रास्त होता. सनांचा मेळ बसत नाहीं, हें आम्हीं कबूल केलें. परंतु नेमोचा मानीपणा, जुलमाची चीड व दुबळ्यांविषयींची कणव दोन्हींकडे एकच आहे. जुनी कथा नव्यानें सांगणाऱ्यानें, मग तो आजचा बोलपट काढणारा कां असेना, निदान एवढें तरी सांभाळलेंच पाहिजे.

मात्र १८८० च्या कादंबरींत व्हर्न यांनीं नानासाहेब पेशव्यांस १८६७ सालीं औरंगाबादेकडे आणून निव्वळ सूडानें पेटलेला खलपुरुष केलें. खरे नानासाहेब १८५९ च्या सुमारास नेपाळच्या रानांत दिसेनासे झाले होते. येथें आम्हांस लेखकाची बाजू घेतां येत नाहीं. नेमो हें त्यांचें मानसअपत्य. त्याचें कूळ बदलण्याचा त्यांस अधिकार होता. नानासाहेब हाडामांसाचे मनुष्य होते.

२४ मार्च १९०५ रोजीं आमियां येथें व्हर्न निवर्तले. पुढें भा. रा. भागवत यांनीं त्यांच्या कथा मराठींत आणल्या. मुलांनीं त्या अवश्य वाचाव्या. मात्र एका हातीं कादंबरी असतां दुसऱ्या हातीं इतिहासाचें पुस्तकहि असूं द्यावें.