नामदार गोखले यांची इंग्रजी भाषेची साधना

बेंगळूरच्या जयनगरापासून जवळच, बुल टेंपल रस्त्यावर, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाची एक सार्वजनिक संस्था आहे. कन्नड कवी व विचारवंत डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापन केली. कोकणातील एका खेड्यात जन्मलेल्या मराठी माणसाचे नाव कन्नड भाषकांच्या वस्तीत असे रुजले, यामागे त्यांच्या चारित्र्याचा प्रभाव आहे, तसाच इंग्रजी भाषेचाही वाटा आहे. गोखल्यांची भाषणे मद्रासपासून लाहोरपर्यंत वाचली गेली ती इंग्रजीतून. ही भाषा त्यांना वारशाने मिळालेली नव्हती. ती त्यांनी कष्टाने संपादन केली, आणि त्या संपादनाचा इतिहास त्यांच्या राजकीय चरित्राइतकाच बोधप्रद आहे.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. त्यांचे शिक्षण कागल व कोल्हापूर येथे चालू असतानाच १८७९ साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावास पाठवीत राहिले. प्रत्येक रुपयामागे भावाने सोडून दिलेले शिक्षण उभे आहे, ही जाणीव गोपाळरावांच्या मनातून कधीही गेली नाही. १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले.

त्या काळच्या विद्यार्थ्याला इंग्रजी भेटत असे ती छापील पानावर. घरी, बाजारात, देवळात ती कोठेही ऐकू येत नसे. अशा विद्यार्थ्यापाशी पाठांतर हाच हुकमी उपाय होता आणि गोखल्यांनी तो पराकोटीस नेला. इंग्रजी गद्याचे व काव्याचे मोठमोठे भाग ते मुखोद्गत करीत. चरित्रकारांनी सांगितलेली एक आठवण अशी की, सोबत्याच्या हाती पुस्तक देऊन ते पाठ म्हणत आणि प्रत्येक चुकीमागे एक आणा दंड देण्याची पैज लावीत. ज्याचा महिना आठ रुपयांत निभावयाचा, त्याच्या दृष्टीने आणा ही क्षुल्लक रक्कम नव्हे.

पाठांतराने वाक्याची घडण अंगी बाणते, लय कानात बसते. परंतु नित्याच्या इंग्रजीचे मर्म निराळेच आहे. 'गिव्ह' म्हणजे देणे, हे शब्दकोशावरून कळते. त्याच्यापुढे 'अप' आले की सोडून देणे आणि 'इन' आले की नमते घेणे असा अर्थ का व्हावा, हे मात्र कोश पाहून उमगत नाही. मराठी माणसाने याचे फार आश्चर्य मानू नये. त्याच्याही भाषेत हीच किमया आहे. फक्त ती दुसऱ्या क्रियापदाकडून साधली जाते. बोलणे, बोलून टाकणे, बोलून जाणे आणि बोलून बसणे यांतील भेद मराठी मूल व्याकरणाशिवाय जाणते, कारण त्याने तो माणसांच्या तोंडून ऐकलेला असतो. गोखल्यांच्या विद्यार्थिदशेतील इंग्रजीत उणीव राहिली असेल तर ती या ऐकण्याची होती.

१८८५ साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, इतिहास व अर्थशास्त्रही शिकविले. याच काळात न्यायमूर्ती रानडे यांच्याशी त्यांचा संबंध जुळला. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी व सरकारकडे धाडावयाच्या अर्जांसाठी गोखल्यांनी मजकूर सिद्ध करावा आणि रानड्यांनी तो कठोरपणे तपासावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. या शाळेत अलंकाराला किंमत नव्हती. आकडा बरोबर आहे काय आणि शब्द त्या आकड्यापेक्षा अधिक काही सांगत नाही ना, एवढेच तेथे पाहिले जाई. आगरकरांच्या 'सुधारक'चा इंग्रजी भाग लिहिताना हीच शिस्त त्यांच्या उपयोगी पडली.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते दिनशा वाच्छा यांच्यासमवेत इंग्लंडला निघाले. वाटेत कॅले येथे पडून त्यांच्या छातीस दुखापत झाली. लंडनमध्ये त्या दुखण्यात श्रीमती काँग्रीव्ह या इंग्रज बाईंनी त्यांची शुश्रूषा केली आणि तेथील घरगुती रीतिरिवाजही त्यांना समजावून दिले. जेवणाच्या मेजावर काय मागावे, कसे मागावे, आभार कोणत्या शब्दांत मानावेत, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडणारे नव्हते. अर्थशास्त्राचे ग्रंथ पचविलेल्या त्या प्राध्यापकाने हे धडे संकोच न करता घेतले. आयोगासमोर तर पाठांतराचा आधारच नव्हता. प्रश्नामागून प्रश्न येत होते आणि उत्तर तत्क्षणी द्यावयाचे होते. तिशीतील या शिक्षकाने ती परीक्षा उत्तम रीतीने पार पाडली.

पण त्याच दौऱ्यात भाषेने त्यांच्याकडून जबर किंमतही वसूल केली. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी स्नेह्यांची पत्रे त्यांना आली होती. त्यांवर विसंबून त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मिळेना आणि पत्रलेखकांची नावे उघड करून त्यांना संकटात लोटणे गोखल्यांना मान्य नव्हते. अखेर त्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात व काँग्रेसच्या वर्तुळात त्यांची मानहानी झाली. ती त्यांच्या अंतःकरणात दीर्घकाळ सलत राहिली. आरोपाचे शब्द निर्दोष इंग्रजीत होते. मात्र त्यांच्यामागे उभे करता येईल असे प्रमाण हाती नव्हते.

१९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले, तेव्हा ही दोन्ही शिक्षणे एकत्र आलेली दिसतात. सरकारी तिजोरीतील शिल्लक हे प्रजेच्या सुबत्तेचे लक्षण नसून वाजवीपेक्षा अधिक करआकारणीचे फळ आहे, हा त्यांचा मुद्दा होता. तो त्यांनी साध्या शब्दांत आणि सरकारच्याच आकड्यांनी मांडला. तेथून पुढे प्रतिपक्षालाही त्यांच्या भाषणाची तयारी करून यावे लागे.

तथापि इंग्रजीने मिळवून दिलेली ही प्रतिष्ठा म्हणजे देशाचे शिक्षण नव्हे, हे ते पुरते जाणून होते. १९११ साली त्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक ज्यांच्या कानावर इंग्रजी कधीच पडणार नव्हती, अशा मुलांसाठी होते. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले.

त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेस गेले. जोहान्सबर्ग येथे हिंदी लोकांच्या सभेत कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न निघाला. गांधींनी मराठीचा आग्रह धरला आणि आपण हिंदुस्थानीत भाषांतर करू असे सांगितले. गांधींच्या मराठीविषयी गोखल्यांनी थोडी थट्टा केली, पण सूचना मानली. ते मराठीत बोलले आणि भाषांतर ऐकून संतुष्ट झाले. त्यानंतर त्या प्रवासात, परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत, हिंदी श्रोत्यांपुढे ते मराठीतच बोलत राहिले. तोपर्यंत त्यांची प्रकृती ढासळत चालली होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.