बायकांच्या कोरड्या डोळ्यांची तक्रार मनावर घेणारा डॉक्टर : हेन्रिक शोग्रेन

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, आग होते, उजेड सहन होत नाही. पाळी जाण्याच्या वयात ही तक्रार पुष्कळ जणींना सुरू होते आणि बहुतेक वेळा ‘वयाचं आहे’ म्हणून सोडून दिली जाते. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन या डॉक्टरने मात्र ती सोडून दिली नाही.

शोग्रेन यांचा जन्म 1899 साली स्वीडनमधल्या शोपिंग या गावी झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते नेत्रतज्ज्ञ झाले. 1930 च्या सुमारास त्यांच्याकडे एक बाई आल्या. त्यांचे डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि सांधेही दुखत होते. डोळे, तोंड आणि सांधे या तिघांचा एकमेकांशी काय संबंध? शोग्रेन यांनी अशाच आणखी रुग्ण शोधायला सुरुवात केली.

1933 साली त्यांनी जर्मन भाषेत प्रबंध सादर केला. त्यात 19 स्त्रियांची नोंद होती आणि त्यातल्या 13 जणींना सांधेदुखी होती. ‘रोझ बेंगाल’ या रंगद्रव्याने त्यांनी डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या खराब झालेल्या पेशी रंगवून दाखवल्या. हा नुसता डोळ्यांचा आजार नसून सगळ्या शरीराचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

परीक्षकांना ते फारसं पटलं नाही. प्रबंधाला कमी श्रेणी मिळाली आणि विद्यापीठात शिकवण्यासाठी लागणारी ‘डोसेंट’ ही पदवी हुकली. शोग्रेन यॉनशोपिंग शहरातल्या रुग्णालयात गेले आणि डोळ्यांचे डॉक्टर म्हणून काम करत राहिले. 1943 साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ ब्रूस हॅमिल्टन यांनी प्रबंधाचं इंग्रजी भाषांतर केलं, तेव्हा कुठे जगाचं त्याकडे लक्ष गेलं. 1957 मध्ये गोथेनबर्ग विद्यापीठाने त्यांना मानाने डोसेंट केलं, 1961 मध्ये स्वीडन सरकारने प्राध्यापक ही पदवी दिली. 1986 साली त्यांचं निधन झालं. आज तो आजार ‘शोग्रेन सिंड्रोम’ म्हणून ओळखला जातो. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर हल्ला करते. रुग्णांमध्ये दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात.

मग हार्मोन दिले तर?

रुग्ण प्रामुख्याने स्त्रिया, त्याही पाळी जाण्याच्या वयातल्या, म्हटल्यावर हा प्रश्न पडणारच. इस्ट्रोजेन गटातलं पहिलं हार्मोन 1929 मध्ये शुद्ध रूपात वेगळं करण्यात आलं होतं आणि पुढे त्याची औषधंही आली. इस्ट्रोजेन कमी झालं म्हणून डोळे कोरडे पडले, तर ते भरून द्यावं, असा सरळ हिशेब होता.

तो हिशेब चुकला. 2001 मध्ये अमेरिकेतल्या पंचवीस हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये कोरड्या डोळ्यांचं प्रमाण हार्मोन न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 69 टक्के जास्त आढळलं. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध घेणाऱ्यांमध्ये ते 29 टक्के जास्त होतं. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, हार्मोनमुळेच डोळे कोरडे झाले याचा तो पुरावा नाही. पण डोळ्यांसाठी म्हणून इस्ट्रोजेन सुरू करण्याला त्यातून आधार मिळत नाही.

यामागचं एक कारण अँड्रोजेन असावं. टेस्टोस्टेरॉन ज्या गटात येतं, तो हा गट. पापणीच्या कडेला तेलग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, म्हणून पाणी लवकर उडून जात नाही. या ग्रंथींना अँड्रोजेनची गरज असते आणि स्त्रियांच्या शरीरात ते वयानुसार घटत जातं. त्यावर आधारलेल्या उपचारांवर संशोधन झालं असलं, तरी ते अजून नेहमीच्या वापरात आलेले नाहीत.

त्यामुळे आजही कृत्रिम अश्रूंचे थेंब, पापण्यांना कोमट शेक आणि गरज पडली तर दाह कमी करणारे थेंब हेच नेहमीचे उपाय आहेत. इतर त्रासासाठी हार्मोन चालू असतील, तर ते आपणहून बंद करू नयेत. डोळ्यांची तक्रार डॉक्टरांना सांगावी.

आणि डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर तिन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांना एकाच वेळी सांगाव्यात. त्या एकत्र मांडल्या, म्हणूनच शोग्रेन यांना हा आजार सापडला.