घर टिकवून देणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, अशी आपल्या वाडवडिलांची म्हण आहे. घर बांधण्याचे कष्ट या म्हणीने सांगितले. परंतु मिळालेले घर हातातून जाऊ न देणे हेही तितकेच कठीण काम आहे. कामधंदा सुटला, घरात आजारपण आले, दोन आठवड्यांचे भाडे थकले, की गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर जाण्यास वेळ लागत नाही. आणि एकदा गेलेले घर पुन्हा मिळाले, तरी ते टिकेलच असे नाही. ज्या बाईंनी आपले आयुष्य या एका प्रश्नाला वाहिले, त्या ऑक्टेव्हिया हिल यांचे चरित्र आज वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

ऑक्टेव्हियाबाईंचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडमधील विस्बेक या गावी झाला. वडील जेम्स हिल हे धान्याचे व्यापारी. ही त्यांची आठवी मुलगी. लॅटिन भाषेत आठ या अंकाला जो शब्द आहे, त्यावरून तिचे नाव ऑक्टेव्हिया ठेवले. वडिलांना समाजसुधारणेची ओढ होती. पत्नी कॅरोलिन यांच्यासह त्यांनी गावात लहान मुलांची शाळाही चालविली. परंतु १८४० साली त्यांचे दिवाळे निघाले. त्या धक्क्याने त्यांचे मन खचले व ते संसारापासून दूर झाले. राहते घर गेले. आई मुलींना घेऊन आज या गावी तर उद्या त्या गावी, अशी काही वर्षे फिरत राहिली. घर जाणे म्हणजे काय, हे ऑक्टेव्हियाबाईंना कोणा पुस्तकाने शिकविले नाही.

या काळात आजोबांनी लेकीच्या संसाराला हात दिला. आईचे वडील डॉ. साउथवुड स्मिथ हे नामांकित वैद्य होते. घाणेरडे पाणी, तुंबलेली गटारे आणि कोंदट खोल्या यांमुळे गरिबांत रोगराई पसरते, हे सरकारच्या गळी उतरविण्यासाठी ते झटले. नातीने हे लहानपणापासून ऐकले व पाहिले.

१८५२ साली आईला लंडनमध्ये एका सहकारी उद्योगगृहात व्यवस्थापिकेची जागा मिळाली. तेथे गरीब स्त्रियांना हस्तकलेचे काम मिळत असे. ऑक्टेव्हिया तेव्हा अवघ्या चौदा वर्षांची. तिच्याकडे खेळणी बनविणाऱ्या गरीब मुलांचा विभाग सोपविला गेला. कामाचे वाटप करणे, हिशेब ठेवणे, मुलांच्या जेवणाची सोय पाहणे, हे सारे ती करी. एखादे मूल कामावर आले नाही, तर ती त्याच्या घरी चौकशीला जाई. तेथे तिने अंधाऱ्या, ओल्या खोल्यांत दाटीने राहणारी कुटुंबे पाहिली.

याच सुमारास प्रसिद्ध लेखक व कलासमीक्षक जॉन रस्किन यांची ओळख झाली. पुढे दहा वर्षे त्या रस्किनसाठी जुन्या चित्रांच्या नकला काढून देत. त्याशिवाय १८५६ पासून कामगारांच्या महाविद्यालयातील स्त्रियांच्या वर्गांचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले. बहिणींबरोबर घरीच एक शाळाही काढली. या मिळकतीतून हिल भगिनींनी वडिलांचे कर्ज हळूहळू फेडले. दुसऱ्याच्या थकबाकीचा हिशेब पुढे ज्यांनी ठेवला, त्यांनी आधी स्वतःच्या घराची थकबाकी चुकती केली होती.

त्या काळचे लंडन कसे होते ते समजून घेतले पाहिजे. आगगाडीचे रूळ आणि नवे रुंद रस्ते यांसाठी गरिबांच्या वस्त्या पाडल्या जात होत्या. उठविलेल्या लोकांना नवी घरे कोणी देत नसे. ते शेजारच्या वस्तीत शिरत आणि एका खोलीत एक सबंध कुटुंब राही. भाडे आठवड्याचे असे. मूळ मालक घर मध्यस्थाला देई, मध्यस्थ जास्तीत जास्त भाडे उकळी आणि दुरुस्ती कोणीच करीत नसे. भाडे थकले की लोक रातोरात सामान उचलून निघून जात. ज्यांना तेही साधत नसे, ते रात्रीपुरते पैसे देऊन सार्वजनिक निवाऱ्यात झोपत किंवा शेवटी सरकारी गरीबखान्याची पायरी चढत. त्या पायरीची गरिबांना फार धास्ती वाटे.

१८६४ साली रस्किन यांचे वडील वारले व त्यांच्या हाती मोठी संपत्ती आली. ऑक्टेव्हियाबाईंनी आपली कल्पना त्यांच्यापुढे मांडली. १८६५ साली त्यांनी लंडनच्या मॅरिलबोन भागातील पॅरडाइस प्लेस येथील तीन घरांचा भाडेपट्टा ७५० पौंडांना विकत घेऊन बाईंच्या हवाली केला. गुंतविलेल्या पैशावर मालकाला शेकडा ५ व्याज मिळालेच पाहिजे, असे ठरले. हे काम दानधर्माचे नसून नीट चालणारे आहे असे दिसले, तर दुसरे मालकही पुढे येतील, असा यामागे विचार होता.

पॅरडाइस म्हणजे नंदनवन. प्रत्यक्षात घरे नरकासारखी होती. बाईंनी त्या वर्षांत हाती घेतलेल्या घरांपैकी काहींत भिंतींचा गिलावा गळून पडत होता. छप्परातून गळणारे पाणी झेलण्यासाठी जिन्यात बादली ठेवलेली असे. जिन्याचे कठडे भाडेकऱ्यांनी सरपण म्हणून जाळून टाकले होते. खिडक्यांच्या १९२ काचांपैकी फक्त ८ शाबूत होत्या. साऱ्या घरांना मिळून पाण्याचे एकच मोठे पिंप होते आणि तेही गळके. पाणी आले त्या वेळी ज्याने भांडे भरून घेतले नाही, त्याला पाणी नाही.

बाईंनी एकदम सगळे नवे केले नाही. आधी गटारे, छप्पर व पाणी यांची दुरुस्ती केली. बाकीचे काम सावकाश होई. दरवर्षी प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठी ठराविक रक्कम बाजूला काढली जाई. मोडतोड कमी झाली तर पैसे उरत. त्या उरलेल्या पैशांतून काय करावे, हे भाडेकऱ्यांनी ठरवावे अशी रीत त्यांनी पाडली. त्यामुळे काच फुटली तर आपलेच नुकसान, हे लोकांना आपोआप कळू लागले. एका खोलीत दाटीने राहणाऱ्या कुटुंबाला थोडे अधिक भाडे घेऊन दोन खोल्या देण्याचाही त्या प्रयत्न करीत.

या कामाचा खरा कणा म्हणजे दर आठवड्याची भेट. भाडे वसूल करायला बाई स्वतः जात. आरंभी लोकांचा विश्वास नव्हता. काही जण दार जरासे किलकिले करून, आतून पाय लावून, फटीतून पैसे बाहेर देत. बाईंनी कोणाच्या घरात बळेच पाऊल टाकले नाही. खोली भाड्याची असली तरी उंबरठ्याच्या आत घर त्या कुटुंबाचे आहे, हा त्यांचा नियम होता. परंतु दर आठवड्याला तीच व्यक्ती ठरल्या वेळी येते, दुरुस्तीचा शब्द दिला तर पाळते, मुलांची नावे लक्षात ठेवते, हे पाहून दारे उघडू लागली. कोणाचे काम सुटले, कोण दारूच्या आहारी गेला, कोणती मुलगी कामाला लागण्याजोगी झाली, हे त्यांना भाड्याच्या वहीबरोबरच कळे. संकट पुरते कोसळण्याआधीच त्याची चाहूल लागे.

फुकट पैसे वाटण्याच्या त्या विरुद्ध होत्या. भीक दिल्याने माणसाची मान खाली जाते, असे त्यांचे मत होते. म्हणून त्या काम देत. रंग देणे, डागडुजी करणे अशी जी कामे थांबू शकतात, ती त्या मुद्दाम मंदीच्या दिवसांसाठी राखून ठेवीत. ज्या भाडेकऱ्याचा रोजगार बंद पडला, त्याला ते काम मिळे आणि त्याचे भाडे भागे. जिने व बोळ धुण्याचे काम मोठ्या मुलींना मजुरी देऊन सोपविले जाई. चार पैसे शिल्लक टाकण्यासाठी बचत मंडळ काढले.

१८६६ साली रस्किन यांनी जवळच फ्रेशवॉटर प्लेस येथील आणखी घरे घेतली. तेथील मोकळ्या जागेत बाईंनी मुलांसाठी क्रीडांगण केले. काम चालू असताना कुंपणाच्या भिंतीच्या विटा लोक उपटून नेत. त्या पुन्हा बांधवीत. पुढे त्याच अंगणात दरवर्षी मे महिन्यात मुलांचा उत्सव होऊ लागला.

हळूहळू इतर मालकही आपली घरे त्यांच्या हाती देऊ लागले. १८७४ पर्यंत त्यांच्या देखरेखीखाली पंधरा वसाहती व सुमारे ३,००० भाडेकरी होते. एकटीने इतक्या दारी जाणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी स्त्रियांना या कामाचे शिक्षण दिले. प्रत्येकीकडे थोडीच घरे असत, कारण ओळख राहिली पाहिजे. हिशेब, दुरुस्ती, कायदा आणि माणसांशी बोलण्याची रीत, हे सारे त्या शिकवीत. १८७५ साली लंडनच्या गरिबांच्या घरांविषयीचे त्यांचे लेख पुस्तकरूपाने निघाले.

१८७७ साली मात्र वाईट दिवस आले. रस्किन यांच्याशी मतभेद झाले आणि त्यांनी ते भांडण आपल्या नियतकालिकात छापून चव्हाट्यावर आणले. आधीच थकलेल्या बाईंची प्रकृती ढासळली. विश्रांतीसाठी त्यांना परदेशी जावे लागले. त्या नसतानाही भाड्याच्या फेऱ्या चालू राहिल्या. शिकविलेल्या स्त्रियांनी काम सांभाळले.

१८८४ साली इंग्लंडच्या चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने साउथवार्क भागातील आपली घरे त्यांच्याकडे सोपविण्यास आरंभ केला. तेथे १८८७ च्या सुमारास त्यांनी टुमदार घरे, एक सभागृह आणि रेड क्रॉस बाग उभी केली. गरिबालाही मोकळी हवा व हिरवळ हवी, या तळमळीतूनच १८९५ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापिली. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे त्यांच्या पद्धतीवर चालणारी व त्यांचेच नाव धारण करणारी संस्था निघाली. १३ ऑगस्ट १९१२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. केंट परगण्यातील क्रॉकम हिल या खेड्यात त्यांना पुरण्यात आले.

थोरांच्या चरित्रात गुण तेवढे सांगून भागत नाही. ऑक्टेव्हियाबाई फार करड्या होत्या. भाडे वेळेवर न देणाऱ्यास व शेजाऱ्यांना त्रास देणाऱ्यास त्या घर सोडायला लावीत. वृद्धांना सरकारी पेन्शन देणे, सरकारने गरिबांसाठी घरे बांधणे, स्त्रियांना मताधिकार मिळणे, या तिन्ही गोष्टींना त्यांचा विरोध होता. काळाने या तिन्ही बाबतींत त्यांना चूक ठरविले. ज्यांना त्यांनी घराबाहेर काढले ते कोठे गेले, हा प्रश्न त्यांच्या पद्धतीत अनुत्तरितच राहिला. आणि बहुधा सर्वांत दुबळे तेच होते.

या प्रश्नाचे उत्तर पुढच्या पिढ्यांनी शोधले. १९९२ साली न्यूयॉर्क शहरात एक नवी पद्धत सुरू झाली. रस्त्यावर राहणाऱ्या व मनाने आजारी असलेल्या माणसाला आधी कायमचे घर द्यायचे, आणि मग त्याच्या दारी नियमाने जात राहायचे. औषधपाणी, व्यसन, पैशाची व्यवस्था, घरमालकाशी बोलणी, यांत त्याला साथ द्यायची. तो चुकला तरी साथ सोडायची नाही. २००८ पासून फिनलंड देशाने हेच राष्ट्रीय धोरण केले. नियमाने दारी जाणे ही ऑक्टेव्हियाबाईंची रीत यात आहे. मात्र त्यांच्या करडेपणाच्या जागी धीर आला आहे.

आपल्या बेटावरील वडीलधाऱ्यांना १९६० सालचे कॅरोल तुफान ठाऊक आहे. हजारो कुटुंबांची घरे एका रात्रीत गेली. त्यानंतर सरकारने गृहनिर्माण मंडळ नेमले व सिमेंटची घरे बांधली. भिंती उभ्या राहिल्या, किल्ल्या वाटल्या गेल्या. हे मोठेच काम झाले. परंतु किल्ली हाती पडली म्हणजे घराचा प्रश्न मिटला, असे नाही. नव्या वस्तीत आलेल्या माणसाला हप्ता भरण्याची शिस्त, शेजाऱ्यांशी सलोखा, अडचणीच्या वेळी कोणाला विचारावे याची माहिती, हे सारे नव्याने जमवावे लागते. ते जमेपर्यंत त्याला कोणीतरी सोबत लागते.

पॅरडाइस प्लेसचे नाव आता गार्बट प्लेस झाले आहे. ऑक्टेव्हियाबाईंच्या कामाचा आरंभ येथे झाला, असे सांगणारी निळी पाटी तेथे लावलेली आहे. तेथे त्या पैसे घेऊन नव्हे, तर भाड्याची वही घेऊन दर आठवड्याला जात. आपल्या गावात, आपल्या वस्तीत एखादे कुटुंब नव्याने घर मांडीत असेल, तर पहिल्या दिवशी मिठाई घेऊन जाणारे पुष्कळ भेटतील. दुसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात सहज चौकशीला जाणारा एखादाच असतो. तो आपल्यापैकी कोणी व्हावा, एवढे जरी या चरित्रातून घेतले तरी पुरे आहे.